तायक्वांदोच्या वर्गास जाण्यापूर्वी

जून महिन्यात शाळा उघडली, की पालकांच्या शंकांचाही हंगाम सुरू होतो. पूर्वी या शंका बहुधा गणिताविषयी व इंग्रजीविषयी असत. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या शंकेची भर पडली आहे. मुलाला किंवा मुलीला तायक्वांदोच्या वर्गात घालावे की न घालावे, अशी ती शंका होय. आमच्या सुभानपुऱ्यात ती उद्भवावी यात नवल नाही. कोठल्याही रस्त्याने जावे, एखादी तरी पाटी दृष्टीस पडतेच. पाटीवर हवेत उडी घेऊन लाथ मारणाऱ्या मुलाचे चित्र असते. त्याखाली आत्मसंरक्षण, आत्मविश्वास आणि एकाग्रता ही तीन आश्वासने असतात. आणि त्याखाली दूरध्वनीचा क्रमांक. शुल्काचा आकडा मात्र पाटीवर सहसा आढळत नाही.

या प्रश्नावर आमचे मत अनुकूल आहे. तथापि अनुकूल मतालाही अटी असतात, आणि त्या अटींसाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. लाथा मारण्याच्या विद्येवर आम्ही काय लिहिणार, असे कोणी म्हणेल. परंतु शिकणे म्हणजे काय आणि शिकवणे म्हणजे काय, याची पारख शिक्षकाच्या पेशात थोडीबहुत होतेच. शिवाय विद्यार्थ्यांच्या आग्रहाखातर अशा वर्गांच्या कडेला बाकावर बसून आम्ही पुष्कळ संध्याकाळी घालवल्या आहेत. प्रत्यक्ष लाथ मारणाऱ्याला जे दिसत नाही, ते बाकावर बसणाऱ्याला कधी कधी दिसते.

प्रथम हा खेळ आहे तरी काय, हे पाहू. तायक्वांदो ही कोरिया देशाची विद्या. शब्दाचे तीन तुकडे पडतात: पहिल्याचा अर्थ पायाने केलेला प्रहार, दुसऱ्याचा मूठ आणि तिसऱ्याचा मार्ग. 'ही विद्या २००० वर्षांची जुनी आहे,' असे वर्गांच्या पत्रकांत छापलेले असते आणि मुले ते निबंधातही लिहितात. वास्तविक १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या अंमलाखाली होता. पारतंत्र्य संपल्यावर त्या देशात ज्या निरनिराळ्या तालमी निघाल्या, त्यांच्या संस्थापकांपैकी कित्येक जण जपानात कराटे शिकून आलेले होते. त्यांनी ती विद्या आपल्या देशाच्या वळणावर नेली, पायांच्या कौशल्याला अग्रस्थान दिले, आणि १९५५ साली तिला तायक्वांदो हे नाव मिळाले. सोल येथील कुक्कीवन ही तिची मुख्य संस्था १९७२ साली उघडली, तर जागतिक संघटना १९७३ साली स्थापन झाली. ऑलिंपिकमध्ये १९८८ व १९९२ साली हा खेळ केवळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला. पदकांचा खेळ म्हणून तो २००० साली सिडनी येथे आला. म्हणजे आजोबांच्या वयाचीच ही विद्या आहे. तिचे तरुणपण लपवण्याचे काही कारण नाही. आपल्या मल्लखांबाचा जीर्णोद्धार बाळंभटदादा देवधर यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात केला, म्हणून मल्लखांबाला कोणी कमी लेखत नाही. मात्र जो वर्ग पत्रकाच्या पहिल्याच ओळीत वय फुगवून सांगतो, तो पुढे आणखी काय काय फुगवील, याचा विचार पालकांनी करावा.

आता पट्ट्याकडे वळू. कारण खरी गोम पट्ट्यातच आहे. नवशिक्या मुलाला पांढरा पट्टा मिळतो. पुढे पिवळा, हिरवा, निळा, तांबडा असे रंग बदलत जातात. काळ्या पट्ट्यापूर्वी दहा पायऱ्या असून त्यांची मोजणी उलटी, म्हणजे दहाव्यापासून पहिलीकडे होते. मधल्या पायऱ्यांना दोन रंगांचे पट्टे देण्याची चाल आहे. प्रत्येक पायरीला परीक्षा, आणि प्रत्येक परीक्षेला शुल्क. हे शुल्क मासिक वर्गणीहून निराळे असते, ही गोष्ट पुष्कळ पालकांना तीन महिन्यांनी कळते. पगारावर घर चालवणाऱ्या कुटुंबात असा अनपेक्षित खर्च पुढे आला, की त्याचा ताण अखेर मुलावरच येतो. 'एवढे पैसे भरले आहेत, आता पट्टा मिळालाच पाहिजे,' असे वडील म्हणतात आणि मूल मान खाली घालते. तेव्हा नाव घालण्यापूर्वीच विचारावे: वर्षातून परीक्षा किती, प्रत्येकीस किती रुपये, पोशाख आणि चिलखत कोणी घ्यावयाचे, स्पर्धेला नेल्यास प्रवासाचा खर्च कोणाकडे. विचारण्यात कमीपणा नाही. उत्तर देण्यास जो शिक्षक कचरतो, त्याच्यापासून दूर राहावे.

पट्ट्याची दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. परीक्षेत सगळेच उत्तीर्ण होतात, अशी ख्याती असलेले वर्ग आहेत. तेथे पट्टा हा तीन महिन्यांच्या पावतीसारखा असतो. दीड वर्षात काळा पट्टा देण्याची हमी कोणी देत असेल, तर ती हमी म्हणजेच नकाराचे कारण समजावे. कुक्कीवनच्या पद्धतीप्रमाणे पंधरा वर्षांखालील मुलाला काळ्या पट्ट्याची 'दान' ही श्रेणीच मिळत नाही. त्याला 'पूम' नावाची बालश्रेणी मिळते आणि तिचा पट्टा तांबडा-काळा असतो. पहिल्या दानानंतर दुसऱ्याला निदान एक वर्ष, दुसऱ्यानंतर तिसऱ्याला दोन आणि तिसऱ्यानंतर चौथ्याला तीन वर्षे सराव करावा लागतो. ही बंधने ज्यांनी घातली, त्यांना घाईचा धोका ठाऊक होता. आपल्या मुलाच्या हाती पडणारे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, ते कुक्कीवनच्या दप्तरी नोंदले जाते की वर्गचालकाच्या घरच्याच यंत्रावर छापले जाते, हेही विचारून घ्यावे. या खेळाच्या क्षेत्रात संघटना अनेक असून त्यांच्यात वादही पुष्कळ झाले आहेत. मुलाला त्या वादांशी कर्तव्य नाही, परंतु पुढे शालेय स्पर्धांत उतरावयाचे झाल्यास कागद कोणाचा, याला महत्त्व येते.

पट्ट्यावाचूनही विद्या देता येते, याचा दाखला शोधण्यासाठी बडोदेकरांना कोरियापर्यंत जाण्याची गरज नाही. दांडिया बाजारातले जुम्मादादा व्यायाममंदिर आपल्या वडीलधाऱ्यांना चांगलेच परिचयाचे आहे. जुम्मादादा मुसलमान, त्यांचे पट्टशिष्य प्रोफेसर माणिकराव हिंदू. गुरूच्या मागे त्या शिष्याने तालमीचा लौकिक साऱ्या हिंदुस्थानात पसरवला. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात व्यायामाला जो मान होता, त्याचा लाभ या तालमीला झाला. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले, आणि त्यांनीच १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. कुवलयानंदांच्या कमरेला कोणत्या रंगाचा पट्टा होता, असा प्रश्न कोणी केला तर हसू येईल. तालमीत सर्वांना एकच लंगोट आणि एकच माती. कोण कोठवर आला आहे, हे वस्तादाला दिसे, जोडीदाराला जाणवे आणि स्वतःला तर ठाऊक असेच.

पट्टे असू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. लहान मुलाला पुढची पायरी डोळ्यांना दिसावी लागते. शाळेतही इयत्ता असतातच. पट्टा पाहून विद्येचे मोजमाप करू नये, इतकेच आम्हांस सांगावयाचे आहे. मग मोजमाप करावे तरी कशाने? आमच्या मते वर्गाची पारख पहिल्या तीन महिन्यांच्या कंटाळ्यावरून करावी. हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

पाटीवरील उडीची लाथ नवशिक्याच्या वाट्याला पुष्कळ दिवस येत नाही. त्याला प्रथम उभे राहण्यास शिकवतात. पाय किती रुंद ठेवावे, गुडघा किती वाकवावा, शरीराचा भार कोणत्या पायावर असावा, मूठ आवळताना अंगठा कोठे राहावा. त्यानंतर समोरची लाथ: आधी गुडघा छातीपर्यंत उचलावा, मग पाय सोडावा, मग तो पुन्हा आखडून घ्यावा आणि जागेवर ठेवावा. आपल्या मुलांचे लक्ष पाय सोडण्याकडे असते. चांगल्या शिक्षकाचे लक्ष तो आखडून घेण्याकडे असते. बाजूने फिरवून मारण्याच्या लाथेत तर सारी मेख जमिनीवर टेकलेल्या पायात आहे. तो पाय चवड्यावर वळला पाहिजे. तो जागेवरच चिकटून राहिला आणि वरचे शरीर मात्र फिरले, तर सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. आमच्या इयत्ता सातवीतील एक मुलगा दिवाळीनंतर महिनाभर लंगडत शाळेत येत असे. एका वर्गात त्याला पहिल्या आठवड्यातच उंच लाथा मारावयास लावल्या होत्या. खालच्या पायाविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता.

(गरबा खेळणाऱ्या बडोद्याच्या मुलींना चवड्यावर वळणे सांगावे लागत नाही, असे आमच्या पाहण्यात आले आहे. नवरात्रीच्या नऊ रात्री त्यांचे पाय जे शिकतात, ते मुलांना महिन्यांनी येते. मुलांनी याचा राग मानू नये, गरबा खेळावा.)

तेव्हा ज्या वर्गात पहिले तीन महिने उभे राहणे, चालणे, लाथ आखडून घेणे यांतच जातात, जेथे एकच लाथ शंभर वेळा मारवून घेतात आणि शंभराव्या वेळीही शिक्षक चूक सुधारतो, तो वर्ग खरा. तेथे मूल कंटाळते, घरी येऊन कुरकुर करते, आणि पालकांना वाटते, पैसे वाया जात आहेत. ते वाया जात नसतात. उलट पहिल्या महिन्यातच मुलाच्या पायाखाली फळी फुटल्याचे चित्र पालकांच्या दूरध्वनीवर आले, तर मात्र काळजी करावी. फळी फोडणे हा या विद्येचाच एक भाग आहे, हे खरे. परंतु कोवळ्या हाडांचे ते काम नव्हे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कोवळ्या चकत्या असतात. मुलींत सुमारे पंधराव्या-सोळाव्या आणि मुलांत सुमारे सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत त्या भरून येतात. त्यांना वारंवार धक्का बसला तर हाडाच्या वाढीलाच अपाय संभवतो. पाय ताणून जमिनीला टेकवण्यासाठी मुलाच्या मांड्यांवर दुसऱ्या मुलास बसवणे, हाही असाच एक अघोरी प्रकार आहे. स्नायू सरावाने लांबतो, ओझ्याने फाटतो.

या विद्येत ठरावीक हालचालींच्या मालिका असतात. त्यांना पूमसे म्हणतात. नवशिक्यांसाठी तायगुक नावाच्या आठ मालिका आहेत. कोरियाच्या ध्वजाच्या मध्यभागी जे तांबडे-निळे वर्तुळ आहे, त्याचेच हे नाव. आठांना आठ तत्त्वे नेमून दिली आहेत: पहिलीला आकाश, मग सरोवर, अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, पर्वत आणि आठवीला पृथ्वी. आम्हां वाङ्मयाच्या माणसांना ही कल्पना फार आवडली. पांढऱ्या पट्ट्याचे मूल आकाशापासून आरंभ करते आणि तांबड्या पट्ट्यापर्यंत पृथ्वीवर येऊन पोचते. शिक्षणाचा प्रवास बहुधा असाच असतो. पण स्पर्धेत पदक मिळवण्याच्या नादात काही वर्ग या मालिका उरकून टाकतात. प्रतिस्पर्ध्यावाचून, गुणांवाचून, केवळ स्वतःशी एकच मालिका पुनःपुन्हा करणे मुलांना नकोसे वाटते, हे खरे. सूर्यनमस्कारही त्यांना नकोसेच वाटतात. म्हणून ते कोणी वगळत नाही.

आज्ञांची भाषा कोरियन असते, याची धास्ती काही पालकांना वाटते. ती अनाठायी आहे. आमच्या घरी कोकणी, शाळेत मराठी, भाजीवाल्याशी गुजराती आणि कार्यालयात इंग्रजी अशी स्थिती असल्यामुळे पाचव्या भाषेचे आम्हांस भय वाटत नाही. सुभानपुऱ्यातील मुलांनाही वाटण्याचे कारण नाही. हाना, दुल, सेत, नेत असे आकडे ती चार दिवसांत म्हणू लागतात. परंतु येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ज्या काळी कवायतीचे सारे हुकूम इंग्रजी असत, त्या काळी माणिकरावांनी संघव्यायाम देशी भाषेतील हुकुमांवर बसवला. याच बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. त्यांतील पहिला १९३६ साली प्रसिद्ध झाला. व्यायामाची भाषा कशी असावी, याचा विचार या शहराने पूर्वीच करून ठेवला आहे. म्हणून आज्ञा कोरियन असल्या तरी समजावून सांगणे मुलाच्या भाषेत व्हावे, अशी अपेक्षा आम्ही बाळगतो. 'चवड्यावर वळ' हे त्याला त्याच्या भाषेतच कळले पाहिजे, नाहीतर गुडघ्याला किंमत मोजावी लागते.

कोरियन आज्ञांपैकी एक शब्द मात्र पालकांनीही लक्षात ठेवावा. तो म्हणजे 'कुमान', अर्थात थांबा. वर्ग पाहावयास गेल्यावर लाथा किती उंच जातात, हे पाहू नये. कुमान म्हटल्याबरोबर किती पाय जागच्या जागी थांबतात, हे पाहावे. शिक्षकाने थांबा म्हटल्यावरही मोठी मुले लहानांना एकेक लाथ हाणून घेतात आणि शिक्षक हसतो, असे जेथे दिसेल, तेथून मुलाचा हात धरून घरी यावे.

आत्मसंयम या विद्येचे अंग आहे, असे सर्वच शिक्षक सांगतात. पण संयम पदकाबरोबर आपोआप येत नाही. क्यूबाचा आंखेल मातोस याने २००० साली सिडनी येथे सुवर्णपदक मिळवले होते. तोच मातोस २००८ साली बीजिंग येथे कांस्यपदकाच्या सामन्यात जखमी झाला. उपचारासाठी दिलेला वेळ संपल्यामुळे पंचांनी सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल केला. आणि या सुवर्णपदकधारी वीराने पंचाच्या चेहऱ्यावरच लाथ मारली. त्याला व त्याच्या प्रशिक्षकाला आजन्म बाहेर काढण्यात आले. प्रशिक्षकालाही शिक्षा झाली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

मुलींच्या पालकांचा प्रश्न निराळा असतो. शिकवणीहून घरी परतताना अंधार पडतो, रस्त्यावर टवाळखोर असतात, तेव्हा मुलीला स्वतःचे रक्षण करता यावे, असे त्यांना वाटते. ही इच्छा अगदी योग्य आहे. परंतु तायक्वांदोचा सामना म्हणजे रस्त्यावरचा प्रसंग नव्हे. सामन्यात चेहऱ्यावर मूठ मारण्यास बंदी आहे, कमरेखाली लाथ मारण्यास बंदी आहे, अंगावर चिलखत आहे, समोर तुमच्याच वजनाची आणि वयाची खेळाडू आहे, आणि कुमान म्हणावयास पंच उभा आहे. रस्त्यावर यांपैकी काहीही नसते. सहा महिने शिकलेली मुलगी दांडगटाला लोळवील, असे जो सांगतो, तो तिला धोक्यात लोटतो. मग या वर्गाचा उपयोग काय? उपयोग आहे. लाथ मारताना पोटातून मोठ्याने आवाज काढावा लागतो. आमच्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना हळू बोलावयास शिकवलेले असते. भरल्या मैदानात पोटातून ओरडणे ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच परवानगी असते. पहिल्या दिवशी ज्या मुलीच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, ती दोन महिन्यांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी ओरडली, हे आम्ही पाहिले आहे. संकटात ओरडता येणे, अंतर राखता येणे, पळता येणे आणि घाबरून जागेवर न खिळणे, एवढे शिकली तरी पुष्कळ झाले. लाथेचा क्रमांक त्यानंतर लागतो.

याच संदर्भात एक स्पष्ट सांगावयास हवे. या विद्येत शिक्षकाला विद्यार्थ्याचा हात, पाय, कंबर धरून दुरुस्ती करावी लागते. म्हणूनच वर्ग उघडा असला पाहिजे. कोणत्याही पालकाला कोणत्याही दिवशी, न सांगता येऊन बाकावर बसता आले पाहिजे. 'पालक बसले की मुलांचे लक्ष विचलित होते' अशी सबब पुढे करून दार बंद ठेवणाऱ्या वर्गात मुलगा असो वा मुलगी, पाठवू नये. त्या शिक्षकाने कितीही पदके मिळवलेली असोत. आणि विद्यार्थिमित्रहो, कोणाचा स्पर्श तुम्हांस विपरीत वाटला, तर ते घरी सांगणे म्हणजे गुरूचा अपमान करणे नव्हे. बालकांच्या संरक्षणासाठी आपल्या देशात २०१२ साली स्वतंत्र कायदा झाला, तो याच कारणासाठी.

दुखापतींचे भय कितपत बाळगावे? पायाच्या नडगीला खरचटणे, घोटा मुरगळणे, मांडीचा मागचा स्नायू ताणला जाणे हे होणारच, क्रिकेटमध्येही होते. डोक्याला लागलेला मार मात्र वेगळा समजावा. लाथ बसल्यावर मूल गोंधळल्यासारखे दिसले, डोके दुखू लागले, मळमळले किंवा उजेड सहन होईनासा झाला, तर त्या दिवशी खेळ बंद करून डॉक्टरकडे नेले पाहिजे. 'वीर रडत नाही' असे म्हणून त्याला पुन्हा उभे करणारा शिक्षक शूर नव्हे, अज्ञ होय. नवशिक्याने शिरस्त्राण, दातांचे आवरण आणि नडगीची गादी यांवाचून सामना खेळूच नये. आणखी एक दुष्ट चाल येथे सांगून ठेवतो: स्पर्धा वजनगटांप्रमाणे होतात, म्हणून खालच्या गटात बसवण्यासाठी मुलाला दोन-दोन दिवस उपाशी ठेवणे, पाणी तोडणे. वाढत्या मुलाच्या बाबतीत हे पाप आहे. बडोद्याच्या मे महिन्यात तर ते जिवावर बेतू शकते.

आता प्रश्न उरतो तो मुलाचा. लठ्ठ आहे म्हणून घाला, लाजतो म्हणून घाला, फार मारामारी करतो म्हणून घाला, शेजारच्याने घातला म्हणून घाला, अशी कारणे आम्ही ऐकतो. या सर्व कारणांत मूल हे औषध घेणारा रोगी ठरते. वर्गात गेल्यावर त्याला तेच जाणवते आणि ते सर्वांच्या मागच्या रांगेत उभे राहते. शरीराने उणे म्हणून कोणी या खेळाला नालायक ठरत नाही. टोकियो येथे २०२१ साली झालेल्या पॅरालिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच घेण्यात आला, आणि त्यात भारताकडून उतरलेली पहिली खेळाडू म्हणजे हरियाणाची अरुणा तंवर. तिच्या हातांत जन्मजात वैगुण्य आहे. पायांच्या या खेळात त्या हातांनीच ती तेथवर गेली, असे म्हणावेसे वाटते. कोणी तिला मागच्या रांगेत कायम ठेवले असते तर ती तेथेच राहिली असती. म्हणून वर्ग पाहताना पहिल्या रांगेतल्या पटाईत मुलांवर नजर न ठेवता मागच्या रांगेतल्या त्या एका जाड्या, अडखळणाऱ्या मुलावर ठेवावी. शिक्षक तासाभरात त्याच्याजवळ किती वेळा जातो? गेल्यावर काय बोलतो? इतर मुले त्याला हसली, तर शिक्षक काय करतो? आपला मुलगा पहिले सहा महिने त्याच जागी उभा राहणार आहे.

आमची सूचना अशी, की नाव घालण्यापूर्वी मुलाला घेऊन दोन-तीन संध्याकाळी नुसते पाहावयास जावे. घरी आल्यावर त्याला विचारावे, आणि त्याने नको म्हटले तर ते ऐकावे. हो म्हटले, तर महिन्याचीच वर्गणी भरावी. वर्षाची सवलत स्वीकारू नये. दहावीच्या वर्षी वर्ग बंद करण्याची घाई करू नये, आठवड्यातून दोन दिवस ठेवावे. बंद पडलेले पाय परीक्षेनंतर पुन्हा सुरू होत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. जेवण वर्गाच्या निदान दोन तास आधी व्हावे. पाण्याची बाटली स्वतःची असावी. कानातले, अंगठी, कडे, गळ्यातली साखळी घरी काढून ठेवावी. देवाचा ताईत असेल तर तोही, देव रागावत नाही. पांढरा पोशाख महिन्याभराने घेतला तरी चालतो, तोवर साधा सदरा आणि सैल विजार पुरे. अनवाणी खेळावयाचे असल्यामुळे हातापायांची नखे मात्र पहिल्याच दिवशी कापलेली असावीत.